सुमोच्या मॉडेलमध्ये गाड्या अडकतात आणि उडतात: बंदराच्या शहराचं मॉडेल गोठलं तर काय तपासायचं

सुमो हे संगणकावर शहराची वाहतूक चालवून बघायचं सॉफ्टवेअर. त्यातल्या बिघाडाची लक्षणं अशी असतात. मॉडेल सुरू केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं (मॉडेलमधली, भिंतीवरच्या घड्याळातली नव्हे) सगळं सुरळीत चालतं. मग एका चौकात रांग लागते. ती मागच्या चौकापर्यंत पोचते, तिथून आडव्या रस्त्यांवर पसरते आणि तासाभरात निम्मं शहर जागच्या जागी थिजतं. नव्या गाड्या सोडणं बंद केलं तरी ते मोकळं होत नाही. खाली संदेशांच्या चौकटीत पिवळ्या इशाऱ्यांची रीघ लागते: अमुक गाडी फार वेळ थांबली, म्हणून तिला टेलिपोर्ट केलं. पडद्यावर बघाल तर रांगेच्या तोंडाशी असलेली गाडी नाहीशी होते आणि पुढे कुठेतरी उगवते. आमच्याकडे येणारी मुलं याला 'गाड्या उडतात' म्हणतात, आणि तोच शब्द मी इथे वापरते.

आणखी दोन खुणा आहेत, त्या पटकन लक्षात येत नाहीत. एक, सारांशाच्या फाईलमध्ये 'वेटिंग'चा आकडा सतत चढत जातो. या गाड्या रस्त्यावर आलेल्याच नसतात, जागा नाही म्हणून बाहेर ताटकळत असतात. दुसरी, सरासरी वेग अचानक सुधारल्यासारखा दिसतो. गाड्या उडाल्यामुळे तो सुधारलेला असतो. हे दुसरं फार घातक, कारण अहवालात तोच आकडा जातो.

मी वडोदऱ्याला डांडिया बाजारात राहते आणि वाहतुकीची मॉडेलं करणं हेच माझं रोजचं काम. कलाभवनातली, म्हणजे इथल्या सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागातली एम.ई.ची मुलं, कधी एखाद्या सल्लागाराच्या कचेरीतली माणसं, लॅपटॉप घेऊन येतात, आणि दर दोन-तीन महिन्यांनी हाच बिघाड घेऊन येतात. विषय बहुतेक वेळा बंदराचं शहर हाच असतो. आपल्या मकरपुऱ्यातल्या, नंदेसरीतल्या कारखान्यांचा माल दहेज, हजिरा, नाहीतर न्हावा शेवा या बंदरांकडेच जातो, त्यामुळे प्रकल्पाला तो विषय सुचणं साहजिक आहे. खालची उदाहरणं मी मुंबईच्या पूर्व किनाऱ्याची घेतली आहेत: शिवडी, रे रोड, माझगाव, पी. डिमेलो रोड. सॉफ्टवेअर सुमो, म्हणजे जर्मनीच्या डीएलआर या अंतराळ-संशोधन संस्थेचं, २००१ पासून सगळ्यांना मोफत मिळणारं. दुसरं एखादं वापरत असाल तर पर्यायांची नावं बदलतील, बिघाड हेच निघतील.

सुरुवात करण्याआधी एक विनंती. गाडी रांगेच्या तोंडाशी ३०० सेकंद हलली नाही तर सुमो तिला उचलून पुढे नेतं. हा ३०० चा आकडा 'टाइम टू टेलिपोर्ट' या पर्यायात बदलता येतो. तो ६० करून मॉडेल 'चालवणारे' मी पुष्कळ पाहिले. तसं केलं की गाड्या लवकर उडतात, कोंडी दिसेनाशी होते आणि मॉडेलचं रस्त्याशी असलेलं नातं संपतं. बिघाड शोधून होईपर्यंत त्या आकड्याला हात लावू नका.

पाच मिनिटांत: पहिली गाडी शोधा

मुलं येतात ती सगळ्यात मोठी लाल रांग दाखवत. मी रांग पाहत नाही. संदेशांची फाईल उघडून सगळ्यात पहिली उडालेली गाडी कोणती, कितव्या सेकंदाला आणि कुठल्या लेनवर, एवढंच बघते. नंतरचे शेकडो इशारे बहुतेक त्याच एका ठिकाणाचे परिणाम असतात. कोंडीचं तोंड एका जागी असतं आणि शेपूट गावभर पसरलेलं असतं. शेपटावर काम करण्यात लोकांचे आठवडे जातात.

इशाऱ्यात कारणही लिहिलेलं असतं. ते तीन प्रकारचं असतं आणि तिथेच अर्धं निदान होतं. 'जॅम' म्हणजे पुढच्या रस्त्यावर जागाच नव्हती. खरं कारण आणखी पुढे आहे, पुढे सरका. 'यील्ड' म्हणजे गाडीला दुसऱ्यांना वाट द्यायची होती आणि फट मिळालीच नाही. चौकाचे अग्रहक्क किंवा सिग्नल तपासा. 'राँग लेन' म्हणजे तिला जायचंय तिकडे त्या लेनमधून वाटच नाही. हा जवळजवळ नेहमी नकाशाचा दोष.

एका संध्याकाळी एक मुलगा आला. "ताई, मागणी जास्त झालीय बहुतेक, वीस टक्के कमी करू का?" म्हणाला. पहिला इशारा १,१४० व्या सेकंदाचा होता, एका ट्रेलरचा, कारण 'राँग लेन'. आम्ही मॉडेल ८०० व्या सेकंदापर्यंत पळवलं, मग एकेक सेकंद पुढे नेत त्या ट्रेलरवर नजर ठेवली. तो डावीकडच्या लेनमध्ये चौकाच्या तोंडाशी आला, थांबला, उजवीकडचा दिवा हिरवा झाला तरी हलला नाही. त्याच्यावर उजवं बटण दाबून 'बेस्ट लेन्स' उघडलं. त्याच्या वाटेला जाणारी लेन शेजारची होती आणि तिथे गाड्यांची सलग रांग. पुढच्या पाच मिनिटांत त्याच्यामागे चौदा गाड्या साचल्या. चौदातल्या तेरांना सरळ जायचं होतं, रस्ता मोकळा होता. मागणी वीस टक्के कमी केली असती तर हेच सगळं थोडं उशिरा झालं असतं.

दहा मिनिटांत: डावी बाजू

नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या मोफत नकाशावरून आणून नेटकन्व्हर्टमधून (त्याचं सुमोच्या रस्त्यांत रूपांतर करणारं साधन) काढताना 'लेफ्टहँड' हा पर्याय दिला होता का ते बघा. सुमो जर्मन आहे, न सांगितल्यास ते उजवीकडून गाड्या चालवतं. दुभाजक असलेल्या रस्त्यांवर ही चूक दिसतसुद्धा नाही, कारण तिथे प्रत्येक बाजू एकदिशा म्हणून आलेली असते आणि गाड्या बरोबर दिशेनं जाताना दिसतात. बिघडतं ते चौकात: वळणारे एकमेकांना विनाकारण छेदतात, वाट कोणी कोणाला द्यायची ते उलटं होतं. एखाद्या साध्या, दुभाजक नसलेल्या गल्लीत जाऊन बघितलंत तर एका नजरेत कळतं. चूक निघाली तर नकाशा नव्यानं काढा, हातानं दुरुस्त करत बसू नका.

अर्धा तास: गाड्या किती आणि कुठून सोडल्या

'रँडम ट्रिप्स' ही गाड्या आपोआप सोडणारी सोय सगळे वापरतात. तिला काही न सांगता चालवलं तर ती दर सेकंदाला एक गाडी सोडते, म्हणजे तासाला ३,६०० गाड्या. मोठ्या शहराला हे काहीच नाही, पण गोदीलगतच्या चार-पाच रस्त्यांच्या तुकड्याला फार होतं. शिवाय त्या गाड्या कुठूनही सुटतात: गोदामामागच्या बंद गल्लीतून, पेट्रोलपंपाच्या आतल्या रस्त्यावरून.

पडताळा वहीवर करता येतो. सलग हिरवा दिवा असेल तर एका लेनमधून तासाला साधारण १,८०० गाड्या सुटतात असं धरायची पद्धत आहे. दिवा ९० सेकंदांच्या फेरीत ४० सेकंद हिरवा असेल तर त्याच लेनमधून ८०० जातील. त्या लेनवर तुम्ही हजार सोडल्या असतील तर कुठलाही पर्याय तुम्हाला वाचवणार नाही. आधी हा गुणाकार करा.

गाडी रस्त्यावर येते कशी तेही बघा. काही सांगितलं नाही तर ती शून्य वेगानं, पहिल्याच लेनवर येते. वाहत्या हमरस्त्यावर अशी गाडी अवतरली की मागचे ब्रेक मारतात आणि नकाशाच्या कडेलाच खोटी कोंडी तयार होते. 'डिपार्ट लेन'ला 'बेस्ट' आणि 'डिपार्ट स्पीड'ला 'मॅक्स' द्या. दोन शब्दांचं काम आहे.

एक पूर्ण संध्याकाळ: चौक

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त बिघाड इथे निघतात, त्यामुळे इथे घाई करू नका.

आपल्याला वडोदऱ्यातल्या खंडेराव मार्केटचा चार रस्ता हा एक चौक वाटतो. नकाशाला तसं वाटत नाही. दुभाजक असलेले दोन रस्ते एकमेकांना छेदतात तिथे नकाशात चार बिंदू असतात, डावीकडची मोकळी वळणं धरली तर सहा-आठ. रूपांतर करताना त्यातल्या प्रत्येक बिंदूचा वेगळा चौक होऊ शकतो, आणि दैव खराब असेल तर प्रत्येकाला वेगळा सिग्नल. मग एका सिग्नलवरून सुटलेली गाडी दहा-बारा मीटरवर दुसऱ्या लाल दिव्याशी थांबते. तेवढ्या जागेत जेमतेम एक-दोन गाड्या मावतात. त्यांच्या मागचीचं बूड मागच्या चौकात राहतं आणि आडवी वाहतूक बंद. चारही बाजूंनी असं झालं की कोणीच हलू शकत नाही. ट्रेलर असेल तर एकच पुरतो, त्याची लांबीच साडेसोळा मीटर.

यावर 'जंक्शन्स जॉइन' हा पर्याय आहे, तो जवळजवळचे बिंदू एक करतो. अंतराची मर्यादा मुळात १० मीटर असते. रुंद चौकांना ती पुरत नाही म्हणून लोक ती ४० करतात आणि नवं संकट ओढवून घेतात: शेजारचे दोन खरेखुरे वेगळे चौकही एक होतात. पी. डिमेलो रोडवर तर आणखी जपावं लागतं. ऑरेंज गेटपासून ईस्टर्न फ्रीवे हा पुलावरून जाणारा रस्ता उंच चढतो आणि पुढे रस्त्याच्या वरून जातो. चढणीच्या तोंडाशी खालचा आणि वरचा बिंदू चुकून एक झाला तर पुलावरची गाडी मॉडेलमध्ये खालच्या सिग्नलला थांबते. मी १० ते १५ मीटरवर आपोआप जोडणी करते, उरलेले मोठे चौक नेटएडिटमध्ये (सुमोचे रस्ते हातानं दुरुस्त करायचं साधन) बिंदू निवडून हातानं जोडते, आणि ज्यांना हात लागू नये ते 'जॉइन एक्स्क्लूड'मध्ये लिहून टाकते. उपग्रहाचं चित्र मागे ठेवून हे काम करा. तीस चौकांना एक संध्याकाळ जाते, पण निम्मे बिघाड इथेच मिटतात.

त्याच बैठकीत लेनच्या जोडण्या तपासा. नकाशात लेनची संख्या लिहिलेली नसेल तर ती रस्त्याच्या प्रकारावरून अंदाजानं भरली जाते. तीन लेनचा रस्ता अंदाजानं दोनचा झाला, किंवा उजवीकडे वळायला दोन लेन असताना एकच जोडली गेली, की वर सांगितलेल्या ट्रेलरची गत होते. नेटएडिटमध्ये जोडण्यांच्या पद्धतीत जाऊन प्रत्येक लेनवर टिचकी मारा, कुठे कुठे जाता येतं ते रंगानं दिसतं. कुठेच न जाणारी लेन दिसली तर ती चूक समजा.

कोणत्या वाहनाला कुठे परवानगी आहे हेही नकाशात बरोबर उतरलेलं नसतं. अवजड वाहनं आणि दुचाकी ईस्टर्न फ्रीवेवर नेता येत नाहीत. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेल्या, शिवडीहून निघणाऱ्या अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना मनाई आहे. मॉडेलमध्ये ट्रेलर फ्रीवेवर चढत असेल तर खालचा रस्ता तुम्हाला खोटा मोकळा दिसेल. उलट चूकही होते: परवानग्या इतक्या आवळल्या जातात की ट्रकला वाटच उरत नाही. मग 'रूट एरर्स' दुर्लक्षित करायचा पर्याय लावला जातो, ट्रक अर्ध्या वाटेवर येऊन कायमचा उभा राहतो, आणि आपण सिग्नलला दोष देत बसतो. तो पर्याय बंद ठेवा.

सिग्नल

नकाशात सिग्नल आहे एवढंच लिहिलेलं असतं, त्याच्या वेळा नसतात. नेटकन्व्हर्ट ९० सेकंदांची ठरावीक फेरी गृहीत धरतं. प्रत्यक्ष वेळा मिळाल्या तर त्याच घाला. चौकात उभं राहून हातातल्या घड्याळानं पाच-सहा फेऱ्या मोजल्या तरी चालतं. बडोद्यातल्या चौकात हा सराव करून मग मुंबईला जा असं मी मुलांना सांगते, कारण पहिल्यांदा मोजताना हमखास पिवळा दिवा विसरला जातो.

वेळा मिळणारच नसतील तर ब्रिटिश वाहतूक-संशोधक वेबस्टर यांचं १९५८ चं सूत्र अजून उपयोगी आहे. सुमोबरोबर येणारी 'टीएलएस सायकल अडॅप्टेशन' ही सोय तेच वापरते. फेरीचा वेळ काढायचा तर फेरीत दिवे बदलताना वाया जाणारे सेकंद दीडपट करा, त्यात ५ मिळवा, आणि १ मधून चौकाचा भार वजा करून जे उरेल त्यानं भागा. भार म्हणजे सिग्नलच्या प्रत्येक टप्प्यातल्या सर्वांत गर्दीच्या लेनची मागणी भागिले तिची सलग हिरव्या दिव्यातली क्षमता (वरचे १,८००), यांची बेरीज. वाया जाणारे सेकंद १२ आणि भार ०.७ असेल तर फेरी ७७ सेकंदांची येते. भार ०.९५ झाला की तेच सूत्र ४६० सेकंद सांगतं. असं उत्तर आलं तर समजा की वेळा बदलून हा चौक सुटणार नाही, त्याच्यावर गाड्याच जास्त आहेत. ही माहितीसुद्धा कामाची आहे, ती अहवालात लिहा.

बंदराचं गेट

बाकी शहरात नसलेला आणि बंदराच्या शहरात हमखास असलेला बिघाड हा.

आमच्या वडोदऱ्याच्या मध्यभागी मांडवी आहे. तिथून चार रस्ते लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाज्यांकडे जातात. मुंबईतही गोदीला लागून मांडवी आहे. मांडवी म्हणजे जकात घ्यायची जागा. जिथे माल थांबवून बघितला जातो ती. बंदराच्या गेटवर आजही तेच होतं: कागद, मोहोर, कंटेनरचा क्रमांक, आणि मग आत. मॉडेल करणारा रस्ते काढतो, सिग्नल काढतो, आणि हे थांबणंच विसरतो, नाहीतर चुकीच्या पद्धतीनं घालतो.

तीन चुका मी वारंवार दुरुस्त केल्या आहेत. पहिली लांबीची. सुमोमध्ये 'ट्रक' म्हणून सोडलेलं वाहन ७.१ मीटरचं असतं. चाळीस फुटी कंटेनर नुसताच १२.१९ मीटर असतो. म्हणजे ट्रक त्याच्यावरच्या पेटीपेक्षा आखूड! 'ट्रेलर' हा प्रकार निवडला की लांबी १६.५ होते. दुसरी चूक तळाची. ट्रक उभे राहायला 'पार्किंग एरिया' काढला जातो, पण त्याची क्षमता लिहायची राहते, आणि न लिहिल्यास ती शून्य धरली जाते. तळ कागदावर आहे, जागा एकही नाही, म्हणून ट्रक रस्त्यावरच थांबतात. हा बिघाड शोधायला एकदा मला दोन दिवस लागले होते, म्हणून आता मी आधी तोच आकडा बघते. तिसरी चूक म्हणजे गेटवरचं थांबणं 'पार्किंग' म्हणून लिहिणं. मग ट्रक रस्त्याच्या बाहेर उभा राहिल्यासारखा होतो आणि मागचे त्याला ओलांडून आत जातात. गेट असून नसल्यासारखं. गेटवर प्रत्येक लेनला वेगळा थांबा द्या, आणि त्यानं मागच्याला अडवलं पाहिजे.

हे सगळं बरोबर करूनही कोंडी झाली, तर कदाचित ती खरी असेल. हिशेब मांडा. गेटला तीन लेन, एका ट्रेलरला दीड मिनिट. एका लेनमधून तासाला ४०, तिन्हींतून १२०. येतात १५०. तासाला ३० ट्रेलर बाहेर साचतात. लांबी साडेसोळा आणि मधली जागा अडीच मीटर, म्हणजे प्रत्येकी १९. एका तासात एकेरी रांग ५७० मीटर, दोन तासांत ११४० मीटर. वाटेत ६०० मीटरवर चौक असेल तर तो साधारण एक तास तीन-चार मिनिटांनी बंद पडेल, आणि मॉडेलमध्ये गाड्या त्याच सुमाराला उडायला लागत असतील तर मॉडेल बरोबर सांगतंय. (ट्रक ७.१ मीटरचा धरला असता तर हीच रांग तासाला २८८ मीटर दिसली असती आणि चौकाला धक्काही लागला नसता.)

इथे मॉडेल दुरुस्त करायचा मोह आवरा. रांग किती वाजता चौकाला टेकते हे शोधायलाच तर मॉडेल केलं आहे. फक्त ट्रक दिवसभर सारखे येतात असं धरलं आहे का, ते बघा. जहाज लागतं तेव्हा झुंबड होते, आणि दक्षिण मुंबईत अवजड वाहनांना ठरावीक वेळी बंदी असल्यामुळे बंदी उठल्यावर एकदम लोंढा येतो. मागणी पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत लिहा.

सगळे एकाच वाटेनं

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि तरीही एकच रस्ता तुंबून शेजारचा रिकामा दिसत असेल, तर गाड्यांच्या वाटा रिकाम्या शहरात ठरवल्या गेल्या आहेत. प्रत्येकीनं सर्वांत जवळची वाट घेतली, आणि सर्वांची तीच निघाली. माणसं अशी वागत नाहीत. रोजचा चालक दोनदा अडकला की तिसऱ्या दिवशी आतल्या रस्त्यानं जातो. ब्रिटिश वाहतूक-संशोधक वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्ये हेच नियमात बसवलं: वापरात असलेल्या सगळ्या वाटांना सारखाच वेळ लागेल अशी स्थिती हळूहळू येते. 'डुआ इटरेट' ही सोय मॉडेल पुन्हा पुन्हा चालवून त्या स्थितीकडे नेते. मोठ्या नकाशाला रात्रभर लागू शकते. घाई असेल तर काही टक्के गाड्यांना वाटेतच रस्ता बदलण्याची मुभा द्या, पण सगळ्यांना देऊ नका. सगळेच एकदम वळले तर कोंडी नुसती जागा बदलते.

वाटा वाटून देण्याचं काम चौक दुरुस्त केल्यानंतरच करा. बिघडलेल्या चौकांवर हे चालवलं तर गाड्या बिघाड टाळायला शिकतात आणि बिघाड कायमचा लपतो.

दुचाकी

सुमोची मूळ रचना लेनची आहे: एका लेनमध्ये एकामागे एक. त्यात मोटरसायकल २.२ मीटर लांबीची असली तरी अख्खी लेन अडवून उभी राहते, पुढे अडीच मीटर सोडून. आपल्याकडे सिग्नलला तेवढ्या जागेत तीन शेजारी शेजारी उभ्या असतात आणि मागून येणारी चौथी फटीतून पुढे येते. दुचाकी भरपूर असतील तर मॉडेलमधली रांग खऱ्याच्या कितीतरी पट लांब होईल.

'लॅटरल रिझोल्यूशन' ०.८ मीटर दिलं की ३.२ मीटरची लेन चार पट्ट्यांत विभागली जाते आणि दुचाकी शेजारून जाऊ लागतात. मॉडेल बरंच हळू चालतं, आणि शेजारचं अंतर, घुसण्याची वृत्ती वगैरे नवे आकडे ठरवावे लागतात. ते अंदाजानं ठरवू नका. भारतीय मिश्र वाहतुकीसाठी सीआरआरआय या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकारानं तयार झालेली 'इंडो-एचसीएम २०१७' ही मार्गदर्शिका हाताशी ठेवा.

मोजणीशी ताळा

गाड्या उडायच्या थांबल्या म्हणजे मॉडेल खरं झालं असं नाही. रस्त्यावर मोजलेले आकडे आणि मॉडेलचे आकडे जीईएच या मापानं जुळवतात: फरकाचा वर्ग दुप्पट करा, दोन्ही आकड्यांच्या बेरजेनं भागा, वर्गमूळ काढा. रस्त्यावर ८०० आणि मॉडेलमध्ये ९२० असतील तर उत्तर ४.१ येतं. मोजलेल्या ठिकाणांपैकी ८५ टक्के ठिकाणी ते ५ च्या आत असावं असा रूढ निकष आहे.

मॉडेल एकदाच चालवून निष्कर्ष काढू नका. सुमोचं यादृच्छिक बीज ('सीड'), म्हणजे ज्या आकड्यावरून ते मॉडेलमधले योगायोग ठरवतं तो आकडा, मुळात ठरलेलं असतं, २३४२३, त्यामुळे दहा वेळा चालवलं तरी तंतोतंत तेच येतं आणि ते स्थिर आहे असा भास होतो. 'सीड' बदलून किमान दहा वेळा चालवा. दहातल्या दोन वेळा मॉडेल गोठत असेल तर तेही लिहा, ते दोन काढून टाकू नका. काठोकाठ भरलेलं शहर असंच वागतं.

कुठे थांबायचं

गाड्या उडण्याचं पहिलं ठिकाण दर वेळी बदलत असेल, चौक-लेन-सिग्नल-गेट सगळं तपासून झालं असेल आणि तरीही आठवडा जात असेल, तर थांबा. त्यापुढे गाडी गाडीमागे कशी चालते त्याचे आकडे रस्त्यावरच्या चित्रीकरणातून बसवावे लागतात. ते वाहतूक अभियंत्याचं काम आहे, पर्याय चाळून जमत नाही.

मॉडेलच्या आधारावर प्रत्यक्ष काही बदलणार असेल, म्हणजे सिग्नलच्या वेळा, ट्रकबंदीचे तास, गेटची जागा, पुलाची चढण, तर मॉडेल सुरळीत चालत असलं तरी एकट्यानं सही करू नका. अपघात कमी होतील का, हा प्रश्न या मॉडेलला विचारूच नका. सुमोतले चालक सुरक्षित अंतर ठेवायलाच बांधलेले असतात. रेल्वे फाटक किंवा ज्वलनशील मालाचे टँकर त्यात असतील, शिवडी-वडाळ्याकडे असतातच, तर पहिल्या दिवसापासून अनुभवी माणूस बरोबर घ्या. आणि रस्त्यावरची मोजणीच नसेल तर अभियंताही काही करू शकणार नाही, आधी मोजणी करवून घ्या.

त्याच्याकडे जाताना एवढं बरोबर न्या: नकाशाची मूळ फाईल आणि रूपांतरित फाईल, रूपांतराला दिलेले सगळे पर्याय, मागणीच्या फाईली, सुमोची आवृत्ती, प्रत्येक वेळचं बीज, इशाऱ्यांची न कापलेली फाईल, आणि मोजणीचे कागद तारीख-वेळेसकट. आणि पहिली उडालेली गाडी कोणती, कितव्या सेकंदाला, कुठल्या लेनवर, ते एका चिठ्ठीवर वेगळं लिहून न्या.